तुयुक-क्योलचं चौथं दार

“जो आपणहून नाव सांगत नाही, त्याला मेलेला धरू नये,” असं नासिपा एजे एकदा म्हणाल्या होत्या. जुन्या कार्डांबद्दल म्हणाल्या होत्या. दुसऱ्या कशाबद्दल त्या फारसं बोलतच नसत. वयाने लहान असलेले आम्ही त्यांना एजे म्हणायचो, म्हणजे ताई.

आमचं ऑफिस बिश्केकमध्ये, शिवणकामाच्या एका बंद कारखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर होतं. डोंगरांतल्या चौदा तळ्यांवर आमची ठाणी होती. हिमनदी वितळते, तिच्या पायथ्याशी पाणी साठतं, बर्फाचा बांध त्याला धरून ठेवतो, आणि एखाद्या उन्हाळ्यात तो बांध फुटतो. मग पाणी एकटं येत नाही. डोंगराची निम्मी कूस घेऊन येतं. म्हणून प्रत्येक तळ्यावर पाण्याची उंची मोजणारं यंत्र, एक रेडिओ आणि खाली कुरणाच्या तोंडाशी एक भोंगा, एवढा आमचा सरंजाम.

एजे ड्रायव्हर लिहीत. म्हणजे कॉम्प्युटरच्या आत बसून एकेका यंत्राशी बोलणारा छोटासा प्रोग्रॅम. एकवीस वर्षं त्यांनी तेच केलं. बुटकी, रुंद खांद्यांची बाई. केस मागे घट्ट बांधलेले. खिडकीच्या कट्ट्यावर फडक्यात गुंडाळलेली भाकर. कोणी जवळ आलं की आधी ती पुढे सरकवायच्या, मग विचारायच्या, काय बिघडलं.

त्यांचं दुखणं असं होतं की चौदा ठाणी एका वयाची नव्हती. जुन्या ठाण्यांतल्या मोजणीच्या कार्डांना स्वतःचा पत्ता सांगता येत नसे. कार्डावर खिळ्यांच्या चार जोड्या असत, प्रत्येक जोडी म्हणजे एक दार, आणि एक छोटी टोपी. टोपी ज्या जोडीवर बसवली, त्या दारामागे कार्ड. ड्रायव्हरने चारही दारं एकामागून एक वाजवायची, आणि जिथून ओ येईल तिथे थांबायचं. नवी बोर्डं निराळी. ती जागी झाली की आपल्या पोटात काय काय आहे याची यादीच पुढे करतात. ड्रायव्हरने यादी वाचायची, नाव जुळलं की कामाला लागायचं. वाजवायचं नाही.

“सुशिक्षित आहेत,” आमचे साहेब शारशेन मुराटोविच नव्या बोर्डांबद्दल म्हणत. “ओळखपत्र घेऊन येतात.”

“आणि ओळखपत्रात नाव राहून गेलं तर?” एजे विचारत.

“तर ते लिहिणाऱ्याची चूक, नासिपा जुमाबेकोव्ना. म्हणजे तुमची.”

यादी एजेच लिहीत असत. ठाण्यावर काय बसवलं, काय काढलं याचा फॉर्म मिस्त्री भरून पाठवायचा, त्यावरून.

एकच ड्रायव्हर जुन्यालाही चालला पाहिजे आणि नव्यालाही, हा हुकूम होता. दोन वर्षांपूर्वीच्या वसंतात तो पहिल्यांदा एका नव्या बोर्डावर चढवला. त्याने सवयीप्रमाणे चारही दारं वाजवली. नव्या बोर्डावर चौथ्या दारामागे रेडिओची वीज होती, आणि टकटक तिला ‘बंद हो’ अशी ऐकू गेली. रेडिओ विझला. माणूस घोड्यावरून वर जाऊन बटण दाबेपर्यंत नऊ दिवस त्या तळ्याचं काय चाललंय हे जगात कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यानंतर एजेंनी माझ्यासमोर एक ओळ लिहिली. यादी असेल तर यादी माना, दारं वाजवू नका. यादी नसेल तरच वाजवा.

मी ती ओळ तपासली होती. तिच्याखाली माझी सही आहे: कुबात.

गेल्या शरदात आणखी एक गोष्ट झाली. एका तळ्यावरचा भोंगा उगाच वाजला. लोक पावसात टेकडीवर पळाले, एक म्हातारी पडली आणि आठवड्याने गेली. साहेबांना वरून बोलणी बसली. मग भोंग्याच्याच पेटीत कुलूप बसवलं गेलं. उंचीचं माप आल्याशिवाय, आणि त्या मापाबरोबर कार्डाच्या पोटातला त्याचा स्वतःचा क्रमांक आल्याशिवाय भोंगा वाजणार नाही. हे कुलूप इथून उघडता येत नव्हतं.

“मोजणाराच गप्प झाला तर?” एजे तेव्हा म्हणाल्या होत्या.

“तर त्याला बोलतं करा,” साहेब म्हणाले. “म्हणून तर तुम्ही आहात.”

एजेंचा नवरा चार वर्षांपूर्वी गेला. सासर नारीनकडचं. सासरचे लोक उन्हाळ्यात तुयुक-क्योलच्या खालच्या कुरणावर मेंढ्या घेऊन जात, आणि त्याच तळ्यावरच्या आमच्या ठाण्याचा मिस्त्री म्हणजे एजेंचा मोठा दीर, कासिमाली. अर्थात एजेंच्या तोंडून हे नाव मी कधी ऐकलं नाही. आमच्याकडे सून मोठ्या दिराचं नाव घेत नाही, त्याच्याकडे पाठ करत नाही, त्याच्यासमोर डोकं उघडं ठेवत नाही. एजे त्यांना ‘थोरले’ म्हणत.

जूनच्या मध्यावर कासिमाली ऑफिसात आले. तुयुक-क्योलवर नवी पेटी, नवं बोर्ड बसवून झालं होतं, त्याचा फॉर्म द्यायला. बरोबर लोण्याचा डबा होता, आणि बेगायिमला न्यायचं होतं. बेगायिम एजेंची मुलगी, बारा वर्षांची. शाळेला सुट्टी लागली की ती आजीकडे कुरणावर जायची. जिन्यात त्यांचा खोकला ऐकल्याबरोबर एजेंनी खणातून रुमाल काढला, डोक्याला बांधला, आणि स्वतःच्याच टेबलाची खुर्ची त्यांना देऊन दाराजवळच्या स्टुलावर बसल्या. एकवीस वर्षांचा अनुभव दाराजवळ बसून चहा ओतत होता. मला हसू आलं होतं. आता येत नाही.

“आमची सून इथे काय करते रे?” कासिमालींनी मला विचारलं.

“ऑफिस चालवतात, अगाय.”

“घरात तर ऐकूही येत नाही ती.” ते खूश होऊन म्हणाले. “छान पेटी दिलीत. पण हलकी आहे. जुनी कशी, लाथ मारली तरी हलायची नाही.”

ते गेल्यावर मी फॉर्म पाहिला. सगळे रकाने भरलेले. एकच मोकळा होता: जुनं मोजणीचं कार्ड काढलं का?

“एजे, हे राहिलंय. विचारा ना त्यांना, अजून जिन्यातच असतील.”

“काय विचारू? ‘काढलंत का’ म्हणून विचारू थोरल्यांना?”

“त्यात काय?”

“म्हणजे तुम्ही लिहायचं विसरलात, असं. लेकीसमोर.” त्यांनी रुमाल सोडून घडी घातली. “नवं बसवल्यावर जुनं कोण ठेवतं, कुबात? काढलंच असणार.”

“मी विचारतो हवं तर.”

“नको. तू विचारलंस तरी त्यांना कळेल की मी विचारायला लावलं.”

खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. बेगायिमने खिडकीकडे बघून हात हलवला. एजेंनी हात हलवला, आणि दुसऱ्या हाताने रकान्यात बरोबरची खूण केली. मग यादी लिहिली. यादीत नवं मोजणीचं यंत्र होतं. जुनं नव्हतं.

मी पाच पावलांत जिन्यापर्यंत पोचू शकलो असतो. ही पाच पावलं मी पुष्कळदा मोजली आहेत.

जुलैच्या दुसऱ्या मंगळवारी, दुपारी पावणेतीन वाजता तोयचूचा फोन आला. तोयचू दरीच्या तोंडाशी असलेल्या गावात दूध गोळा करायचा.

“काय रे कुबात, आमची नदी कुठे वळवून नेलीत?” तो हसत होता. “पोरं अनवाणी दगडांवरून पलीकडे चाललीत. गायीला पाणी पाजायला डबकं शोधावं लागतंय.”

“कधीपासून?”

“काल संध्याकाळपासून कमी होत होती. आज तर नुसता ओला वाळूचा पट्टा.”

जुलैत, भर दुपारी, बर्फ वितळायच्या ऐन वेळी नदी आटते याचा अर्थ एकच असतो. पाणी वर आहे, आणि त्याची वाट बुजली आहे.

मी फोन धरूनच एजेंकडे पाहिलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पडद्यावर तुयुक-क्योलच्या पुढे पाण्याची उंची होती ८.९४ मीटर. हिरवा. त्यांनी मागचे दिवस उघडले. काल ८.९४. परवा ८.९४. एकेक दिवस मागे गेल्या, सतरा जूनपर्यंत. नवी पेटी लागली त्या दिवसापर्यंत. तळं चोवीस दिवस एका केसानेही हललं नव्हतं. माप येत नसलं तर शेवटचं माप दाखवत राहायचं, अशी ती पडद्याची रीत. आणि चौदा हिरव्या आकड्यांत न हलणारा एक आमच्यापैकी कोणाच्याच डोळ्यात आला नव्हता.

त्यांनी ठाण्यावरची नोंद मागवली. रेडिओ सावकाश, ओळी एकेक करून आल्या. बोर्ड जागं. यादी सापडली. यादीतलं नवं मोजणीचं यंत्र: जागेवर नाही. यादी असल्यामुळे दारं वाजवली नाहीत.

“थोरल्यांनी जुनंच ठेवलं,” एजे म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. “नव्या पेटीत जुनं कार्ड बसवलं. त्यांचा भरवसा त्याच्यावरच. सव्वीस वर्षं खोटं बोललं नाही म्हणायचे.”

“फोन लावा त्यांना.”

“कुरणावर फोन लागतो कुठे? रविवारी बेगायिम टेकडीवर चढून लावते.”

रविवार उलटून दोन दिवस झाले होते.

साहेब आले. उभ्या उभ्या दोन फोन केले. हेलिकॉप्टर होतं, पण ते एका गिर्यारोहकाला आणायला दुसऱ्या टोकाला गेलेलं, तीन तास. मी तोयचूला पुन्हा लावलं. आता तो हसत नव्हता. त्याच्या भाच्याकडे घोडा होता.

“दोन तास लागतील कुरणावर पोचायला,” तो म्हणाला. “पण वाट नदीच्या पात्रातूनच आहे, कुबात. पाठवू का? तू सांग. पाठवू का त्याला?”

मी एजेंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. नको.

“भोंगा वाजवा,” साहेब म्हणाले.

“मापाशिवाय वाजत नाही.”

“मग खोटं माप पाठवा. मी सांगतो, पाठवा.”

“कार्डाचा क्रमांक लागतो, शारशेन मुराटोविच. तो कार्डातच आहे.” त्या त्यांच्याकडे न बघता बोलत होत्या. “तुम्हीच बसवून घेतलंत ते कुलूप.”

साहेब खुर्चीवर बसले. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

एजेंनी ती ओळ काढली. यादी असेल तर यादी माना. दोन वर्षं ती तिथे होती, आणि काढायला एक बोट पुरलं. नवा ड्रायव्हर रेडिओवरून वर जायला बारा मिनिटं लागली. बारा मिनिटं आम्ही तिघं एक पट्टी भरताना बघत बसलो. बाहेर कोणीतरी कलिंगडं विकत होतं, एकाच सुरात, थांबून थांबून. एजेंनी जुनी वही काढून ठेवली होती. जुन्या पेटीत कार्ड तिसऱ्या दारामागे ओ देत असे.

“तिसरंच वाजवू,” मी म्हणालो. “बाकी कुठलं नको.”

“हो.”

त्यांनी तिसरं वाजवलं. दोन सेकंद गेले. जुन्या कार्डाला जाग यायला तेवढे लागतात. उत्तर नाही.

“टोपी हलवली त्यांनी,” एजे म्हणाल्या.

“का पण?”

“नव्या बोर्डावर तिसऱ्या दारामागे घड्याळ आहे. दोघं एका दारात भांडले असतील. म्हणून हलवली.” त्यांनी वही मिटली. “बघ, त्यांना कळलं होतं. सगळं कळलं होतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं.”

पहिलं दार. उत्तर नाही. दुसरं दार. उत्तर नाही.

राहिलं चौथं. त्याच्यामागे रेडिओची वीज. कासिमालींना हे माहीत असायचं कारण नव्हतं. रेडिओ नऊ दिवस बंद पडला होता तो दुसऱ्या तळ्यावर, दुसऱ्या मिस्त्रीच्या ठाण्यावर. त्यांनी टोपी शेवटच्या खिळ्यांवर बसवली असणार, भांडण मिटलेलं पाहिलं असणार, आणि पेटी बंद केली असणार.

“चौथं वाजवलं की रेडिओ जाईल,” मी म्हणालो.

“लगेच नाही जात. तीन सेकंद तग धरतो. मी मोजलेत, मागच्या वेळी.”

“दोन कार्डाला जाग यायला.”

“उरला एक. त्यात माप घ्यायचं, भोंग्याला पाठवायचं.” त्या टाईप करतच होत्या. तिन्ही कामं एकाच आज्ञेत ओवत होत्या, म्हणजे मध्ये आमची वाट बघायला नको. सगळं वरच्या वर, तळ्याकाठी, एका श्वासात व्हावं.

“कार्डाच्या दोनाचा एक करा, एजे. थोडी जागा राहील.”

“एकात ते उठत नाही.”

“दीड?”

त्या विचार करत राहिल्या. मी त्यांना इतका वेळ एका आकड्याकडे बघताना कधी पाहिलं नव्हतं. कार्ड सव्वीस वर्षांचं. वर थंडी. दीड सेकंदात उठलं नाही तर माप नाही, आणि रेडिओही गेलेला. दुसरी टकटक नाही. दोन सेकंद दिले तर उठेल, पण निरोप भोंग्यापर्यंत पोचायला एक सेकंद पुरेल का, ते कोणी कधी मोजलं नव्हतं.

“थांबू का आपण?” साहेब अचानक म्हणाले. “हेलिकॉप्टर येईपर्यंत? रेडिओ तरी हातात राहील. कदाचित बांध धरेल रात्रीपर्यंत.”

“रेडिओ हातात ठेवून काय ऐकायचं आहे?” एजे म्हणाल्या.

साहेबांनी मान खाली घातली.

“माझी सासू ऐकत नाही एका कानाने,” एजे म्हणाल्या, आमच्यापैकी कोणालाच नाही. “या वेळेला ती तंबूत झोपलेली असते. बेगायिम घोडीचं दूध काढत असेल. पात्राच्या अगदी कडेला बांधतात घोड्या, गवत तिथे चांगलं म्हणून.”

त्यांनी दीडवरून पुन्हा दोन केले. मग एक पूर्णांक आठ. तो आकडा कुठून आला ते मी विचारलं नाही. खणातून त्यांनी तो जूनमधला रुमाल काढला, डोक्याला बांधला, टोकं मानेमागे ओढून गाठ मारली, आणि बटण दाबलं.

पडद्यावर काही क्षण काहीच नव्हतं. मग एक ओळ आली: चौथं दार, जुनं कार्ड हजर. तिच्याखाली क्रमांक. तिच्याखाली माप: ११.६२.

इशाऱ्याची रेघ ९.८० वर आहे.

मग अर्धी ओळ आली: भोंगा, आज्ञा रवाना. त्यापुढे ‘पोचली’ किंवा ‘पोचली नाही’ असं येतं. ते आलं नाही. तुयुक-क्योलच्या नावापुढचा दिवा करडा झाला.

मी तोयचूला फोन लावला.

“भोंगा ऐकू आला का? आत्ता, आत्ता या मिनिटाला?”

“इथून कसा येईल रे? मध्ये अख्खा डोंगर आहे.” त्याने फोन बाजूला धरून कोणाला तरी विचारलं. पलीकडे बायकांचे आवाज, एक कुत्रं, एक ट्रॅक्टर. “कोणाला काही ऐकू आलेलं नाही. आम्ही वर चाललोय टेकडीवर, सगळे. तुम्हाला तिथे दिसतं ना? तुमचं यंत्र काय म्हणतं?”

साहेब माझ्याकडे बघत होते, मी एजेंकडे. त्या करड्या दिव्याकडे बघत होत्या. त्यांनी आणखी एकदा ठाण्याला हाक घातली. मग आणखी एकदा. पडदा म्हणाला, ठाणं उत्तर देत नाही. नव्वद सेकंदांनी पुन्हा तेच म्हणाला.

“नासिपा,” साहेब म्हणाले. पहिल्यांदाच, नुसतं नाव. “वाजला असेल. आज्ञा गेली म्हणजे वाजलाच असेल. मी म्हणतो वाजला.”

“दोन तास तरी थांबा,” मी म्हणालो. “दरीची वाट आता... एजे, ती वाट पात्रातूनच आहे.”

त्या उठल्या. ऑफिसच्या जीपची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला असे. त्यांनी ती काढली. पायांत घरच्या सपाता होत्या, ऑफिसात घालायच्या. बूट टेबलाखालीच राहिले. मी बूट उचलून पुढे केले. त्यांनी ते पाहिले की नाही, मला सांगता येणार नाही. दार उघडून त्या गेल्या, आणि सपातांचा आवाज तीन मजले उतरत गेला.